रेस्ताच्या आल्बममधलं एक सुटं पान: कार्राची म्हणून आलेल्या लँडस्केपची केस

पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या एका छोट्या म्युझियममध्ये कागदावरच्या चित्रांचं कॅटलॉगिंग माझ्याकडे आहे. गावाजवळच्या एका जुन्या घराण्यातल्या वयस्कर गृहस्थांनी त्यांच्याकडची थोडी ड्रॉइंग्ज म्युझियमला द्यायचं ठरवलं, त्यातलं एक हे. माणसांची नावं, गाव आणि ड्रॉइंगवरचा नेमका नंबर इथे देत नाहीये, देणगीच्या कागदपत्रांत तसं ठरलंय. बाकी घडलं तसं लिहिते.

आधी ड्रॉइंग कसं आहे ते. ए-फोरपेक्षा जरा मोठा कागद, आडवा. तपकिरी शाईने पेनकाम, वॉश (ब्रशने दिलेला पातळ रंगाचा हात) कुठेही नाही. डावीकडे एकाच बुंध्यातून फुटलेली दोन मोठी झाडं, त्यांच्या खाली बसलेली दोन माणसं, मधून वळत जाणारी नदी, त्यात एक नाव, आणि लांब टेकडीवर बुरूज असलेलं गाव. झाडाचा डावीकडचा पसारा कागदाच्या कडेशी अचानक तुटतो, म्हणजे कागद कधीतरी त्या बाजूने कापलाय. शाई काही ठिकाणी इतकी गडद की मागून कागद खाल्ल्यासारखा दिसतो, काही ठिकाणी फिकट चहाच्या रंगाची. ड्रॉइंग जाड माउंटवर, म्हणजे आधाराच्या पुठ्ठ्यावर, पूर्ण चिकटवलेलं, भोवती शाईच्या रेघांची बॉर्डर, आणि फ्रेमच्या मागे एका जुन्या कागदी लेबलवर सुबक अक्षरात लिहिलेलं: आनिबाले कार्राची. हे अक्षर त्या गृहस्थांच्या आजोबांचं.

आता आनिबाले कार्राची (१५६० ते १६०९) म्हणजे काय प्रस्थ आहे ते ज्यांना या विषयाची सवय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बोलोन्याचा माणूस, रोममध्ये जाऊन फार्नेझे राजवाड्यातली फ्रेस्को, म्हणजे ओल्या गिलाव्यावरची भित्तिचित्रं, केली, आणि निसर्गदृश्य हा चित्राचा स्वतंत्र विषय होऊ शकतो हे ज्यांनी इटलीत पक्कं केलं त्यातला एक मोठा. त्याच्या पेनच्या लँडस्केप्सना मागणी इतकी होती की पुढची शंभरेक वर्षं त्याच्यासारखं काढणाऱ्यांची रांग लागली. त्यामुळे जुन्या इंग्लिश घरांत कार्राची लिहिलेली लँडस्केप्स बरीच सापडतात, आणि त्यातली बरीचशी त्याची नसतात. म्हणून लेबल बघून आम्ही कोणी फारसं हललो नाही.

हललो ते उजव्या खालच्या कोपऱ्यामुळे. फ्रेममधून काढल्यावर भिंग लावून बघितलं तर माउंटच्या बॉर्डरला अगदी लागून, ड्रॉइंगच्याच कागदावर, बारीक तपकिरी शाईत एक छोटं अक्षर आणि त्यापुढे आकडा. आकड्यातला शेवटचा अंक कापला गेलाय, फक्त वरची थोडी रेघ उरलीय. एक असेल किंवा सात.

तो आकडा काय सांगतो

ज्याने इटालियन ड्रॉइंग्जवर थोडंफार काम केलंय त्याला असं अक्षर आणि आकडा दिसला की एकच नाव आठवतं, पाद्रे सेबास्तियानो रेस्ता. जन्म मिलानचा, १६३५ चा, पुढे १६६१ पासून रोममध्ये, ओरेटोरियन या कॅथलिक पंथाचा पाद्री, त्यांच्या किएझा नुओव्हा या चर्चमध्ये राहायचा, १७१४ मध्ये गेला. ड्रॉइंग्ज गोळा करण्याचं वेड असं की आयुष्यभर घेत राहिला, आल्बममध्ये क्रमाने लावत राहिला, प्रत्येक पानाबद्दल टिपा लिहीत राहिला. त्याला इटालियन कलेचा इतिहास पानापानाने मांडून दाखवायचा होता, आणि मला स्वतःला त्याची ही कल्पना फार मोठी वाटते, फोटो नाहीत, छापील पुस्तकं मोजकी, अशा काळात एक माणूस मूळ ड्रॉइंग्ज शेजारी शेजारी लावून इतिहास सांगतोय.

त्याचे बरेच आल्बम आरेत्सोचे बिशप मार्केत्ती यांच्याकडे गेले. बिशप १७०४ मध्ये वारले, मग वारसांनी १६ खंड इंग्लंडच्या लॉर्ड सोमर्सना विकले. सोमर्सकडे आल्यावर खंड फोडले गेले. पण फोडताना एक काम फार नीट झालं: प्रत्येक ड्रॉइंगवर खंडाचं अक्षर आणि आतला क्रमांक लिहिला गेला, आणि रेस्ताच्या टिपा त्या क्रमाने एका वहीत उतरवल्या गेल्या. ती वही आज ब्रिटिश लायब्ररीत आहे, लॅन्सडाउन ८०२ या नंबरखाली. सोमर्स १७१६ मध्ये गेले, पुढच्याच वर्षी लंडनमध्ये विक्री झाली आणि पानं शंभर दिशांना गेली. संग्राहकांच्या खुणांची जी मोठी सूची फ्रिट्स लुख्त यांनी १९२१ मध्ये काढली त्यात ही खूण २९८१ नंबरला आहे, सूची आता ऑनलाइन फुकट बघता येते. आणि १९३६ मध्ये इंग्लिश अभ्यासक ए. ई. पॉपम यांनी रेस्ताच्या संग्रहावर सविस्तर लिहून हा सगळा धागा लोकांसमोर आणला.

म्हणजे आमच्या हातात असं पान होतं ज्याच्या कोपऱ्यात तीनशे वर्षांपूर्वीच्या यादीचा पत्ता होता. म्युझियममध्ये एकदम उत्साह. देणगीदारांना फोन गेला. ट्रस्टींपैकी एकांनी तर पुढच्या छोट्या प्रदर्शनाच्या पोस्टरवर हेच घ्यायचं असं बोलूनही टाकलं.

अडचण

वहीतली नोंद बघितली. एकने संपणारा क्रमांक घेतला तर तिथे माणसाच्या डोक्याचा अभ्यास आहे, म्हणजे आमचं नाही. सातने संपणारा घेतला तर तिथे निसर्गदृश्य आहे आणि नाव आहे आनिबालेचं. बास, बहुतेकांच्या मते केस संपली. अक्षर जुळलं, आकडा जुळला, विषय जुळला, आजोबांचं लेबलही जुळलं.

माझी अडचण इथूनच सुरू झाली. या चार जुळणाऱ्या गोष्टी म्हणजे चार वेगळे साक्षीदार नाहीत. आजोबांनी लेबल लिहिलं ते बहुधा माउंटबरोबर आलेल्या आधीच्या नावावरून, ते नाव आलं असणार सोमर्सच्या विक्रीच्या वेळच्या माहितीवरून, आणि ती माहिती आली रेस्ताच्या टिपेवरून. म्हणजे शेवटी एकच माणूस बोलतोय, बाकीचे त्याचंच बोलणं पुढे सांगतायत. वही काय सिद्ध करते? हे पान १७०० च्या आसपास रेस्ताकडे होतं आणि त्याला ते आनिबालेचं वाटत होतं. ड्रॉइंग कोणी काढलं ते वही सिद्ध करत नाही.

आणि रेस्ता नावं देताना हात सढळ ठेवायचा, ही गोष्ट अभ्यासकांमध्ये सर्वमान्य आहे. विशेषतः कोर्रेज्जो या सोळाव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराच्या बाबतीत त्याचा उत्साह प्रसिद्ध आहे. त्याच्या इतिहासात प्रत्येक मोठ्या माणसाचं पान हवंच होतं, आणि हवं असलं की माणसाला ते दिसायला लागतं. तरी त्याला मोडीत काढणंही बरोबर नाही. तो रोममध्ये १६६१ पासून होता, कार्राचींच्या, म्हणजे आनिबाले आणि त्याच्या घराण्यातल्या इतर चित्रकारांच्या, हाताखाली शिकलेल्यांच्या शिष्यांना तो भेटत होता, आज आपल्यापर्यंत न पोचलेली शेकडो ड्रॉइंग्ज त्याने हातात धरलेली होती. त्याचं मत वजनाचं आहेच. ते किती वजनाचं धरायचं एवढाच प्रश्न होता.

समोर कोणते पर्याय होते

मीटिंगमध्ये चार पर्याय टेबलावर आले. पहिला, सरळ आनिबाले कार्राची लिहायचं आणि खाली रेस्ता, मार्केत्ती, सोमर्स अशी मालकीची साखळी द्यायची. याच्या बाजूने दोन ट्रस्टी आणि अर्थातच देणगीदार. दुसरा, सुरक्षित खेळायचं, बोलोन्याची शैली, सतरावं शतक, एवढंच लिहायचं. चुकण्याची भीती नाही, पण यातून वाचणाऱ्याला मिळत काहीच नाही, आणि पुढचा कोणी अभ्यासक शोधायला आला तर त्याला हे पान कधी सापडणारच नाही, कारण लोक नावाने शोधतात. तिसरा, ड्रॉइंगचा हात बघून ज्याच्याशी जुळतो त्याच्या नावावर लावायचं, पण किती खात्रीने ते स्पष्ट लिहायचं. चौथा, काहीच न ठरवता पान लिलावगृहाकडे मत घ्यायला पाठवायचं. हा चौथा मला पहिल्यापासून पटला नाही, कारण ज्याला विकायचंय त्याचं मत आणि ज्याला नोंद ठेवायचीय त्याचं मत यांची गरजच वेगळी असते.

पहिल्या पर्यायाच्या विरोधात बोलताना मी फ्लॉरेन्सच्या गाब्बुर्रींचं उदाहरण दिलं, ते इथेही देते कारण या विषयात इतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही. फ्रांचेस्को मारिया निक्कोलो गाब्बुर्री (१६७६ ते १७४२) हा मोठा जाणकार संग्राहक. त्याने १७३० मध्ये जुन्या निसर्गदृश्यांची ४१ पानं एका आल्बममध्ये बांधली आणि नाव दिलं आंद्रेआ देल सार्तो या फ्लॉरेन्सच्याच जुन्या चित्रकाराचं. तोच आल्बम दोनशेहून जास्त वर्षांनी २० नोव्हेंबर १९५७ ला लंडनमध्ये सदबीज या लिलावगृहाकडे विक्रीला आला तेव्हा त्यातली पानं फ्रा बार्तोलोम्मेओची म्हणून विकली गेली, सॅन मार्कोच्या मठातला तो डॉमिनिकन चित्रकार, जो १५१७ मध्ये वारला. पानं सुटी होऊन युरोप अमेरिकेतल्या म्युझियम्समध्ये विखुरली. गंमत बघा, याच गाब्बुर्रीने फ्रा बार्तोलोम्मेओच्या मनुष्याकृतींचे दोन जाड आल्बम बांधले होते, बरोबर नाव देऊन, ते आज रॉटरडॅमला आहेत. म्हणजे त्या माणसाला तो हात माहीत होता, तरीही झाडं आणि टेकड्यांमध्ये तो त्याला ओळखू आला नाही. आल्बमवरचं नाव बांधणाऱ्याच्या नजरेबद्दल सांगतं.

आपल्याकडच्या वाचकांना हे मुघल मुरक्क्यांवरून, म्हणजे चित्रं आणि सुलेखनाच्या आल्बमांवरून, चटकन कळेल. वॉन्टेज आणि केवॉर्कियन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आल्बममध्ये जहांगीर शाहजहानच्या काळातल्या अस्सल पानांच्या शेजारी एकोणिसाव्या शतकातल्या नकला बांधलेल्या आहेत. एकाच आल्बमची पानं, पण वयात दोनशे वर्षांचं अंतर.

काय काय केलं

सगळ्यात आधी वाद झाला तो ड्रॉइंग माउंटवरून सोडवायचं का यावर. सोडवलं तर मागची बाजू दिसेल, वॉटरमार्क (कागद बनवतानाच त्यात उमटलेली खूण) दिसेल, कदाचित मागे काही लिहिलेलं असेल. मोह जबरदस्त. पण आमच्या कॉन्झर्व्हेटर, म्हणजे चित्रांचं जतन करणाऱ्या, बाईंनी शाई भिंगाखाली बघून ठाम नकार दिला. ही लोहाची शाई, मायफळ आणि हिराकस यांच्यापासून बनणारी, आणि काळाबरोबर ती आम्ल सोडते, कागद आतून पिचतो. तिला ओल लागली की त्यातलं लोह पसरतं आणि रेघांभोवती तपकिरी कडा येतात. जुना गोंद सुटायला ओल लागतेच. बाईंचं म्हणणं, मागे काय आहे ते कळायच्या नादात पुढचं घालवून बसू. मला ते पटलं, ट्रस्टींना पटायला जरा वेळ लागला. निर्णय झाला: न सोडवता जेवढं कळेल तेवढंच.

मग पातळ लाइट शीट माउंटच्या मागे धरून खोली अंधारी करून फोटो काढले. माउंट जाड असल्यामुळे फार काही दिसलं नाही, तरी कागद हातबनावटीचा, साच्याच्या तारांच्या रेघा असलेला आहे हे स्पष्ट दिसलं, आणि मधोमध एका वर्तुळाकार वॉटरमार्कचा तुकडा. वर्तुळाच्या आत काय आहे ते ओळखता येत नाही. वर्तुळातल्या खुणा इटालियन कागदावर इतक्या प्रकारच्या आहेत की एवढ्यावरून साल सांगणं म्हणजे अंदाजपंचे. ट्रेसिंग करून फाइलला लावलं आणि पुढे गेलो.

इन्फ्रारेड फोटोने मात्र खरी मदत केली. लोहाची शाई इन्फ्रारेडमध्ये, साधारण हजार नॅनोमीटरच्या पुढे, दिसेनाशी होते, आणि काळ्या खडूतला कार्बन तसाच काळा राहतो. आमच्या फोटोत पेनकाम जवळपास गायब झालं आणि खालून हलक्या खडूच्या रेघा वर आल्या. दुसऱ्या झाडाचा बुंधा आधी जास्त उजवीकडे टाकलेला होता, नंतर आत घेतला. बसलेल्या माणसांच्या जागी खडूत फक्त एक अंडाकार गोल आहे, म्हणजे माणसं शाईतच सुचली. मी त्या फोटोकडे बराच वेळ बघत बसले, कारण यातून एक मोठी शंका गेली. दुसऱ्याचं चित्र उतरवणारा बुंध्याची जागा अशी शोधत बसत नाही, त्याच्यासमोर ती ठरलेलीच असते. म्हणजे ही नक्कल असण्याची शक्यता बरीच कमी झाली. ज्याने काढलं त्याने इथेच, या कागदावर विचार केला.

नंतरचा भाग जुन्याच पद्धतीचा, बघत राहण्याचा. ब्रिटिश म्युझियम, लूव्र आणि विंडसरच्या रॉयल कलेक्शनमधली आनिबालेची पेनची लँडस्केप्स मोठी करून स्क्रीनवर लावली आणि शेजारी आमचं पान. पहिल्या नजरेला भाऊभाऊ वाटतात. पण पाल्यापाशी थांबलं की फरक दिसायला लागतो. आनिबाले पाला काढतो तेव्हा पेन कागदावरून पळतं, मध्येच रेघ उचलली जाते, झाडाच्या आत मोठ्या कोऱ्या जागा राहतात आणि त्यातूनच ऊन आल्यासारखं वाटतं. लांबचं सगळं तो चार रेघांत उरकतो. आमच्या पानावर पाला म्हणजे आपल्या देवनागरी तीनच्या आकड्यासारखे वळसे, एकाला लागून एक, गुच्छागुच्छाने, अगदी सारख्या मापाचे, आणि त्याखाली सावलीच्या तिरप्या रेघा सगळीकडे एकाच अंतरावर. जवळच्या झाडावर जशा तशाच लांबच्या टेकडीवरही. हात सराईत आहे, सुंदर आहे, पण हा हात झाड बघत नाहीये, झाड काढायची रीत त्याला पाठ आहे.

ही रीत ज्याच्या ड्रॉइंग्जमध्ये परत परत दिसते तो म्हणजे जोव्हान्नी फ्रांचेस्को ग्रिमाल्दी. जन्म बोलोन्याचा, १६०६ चा, तरुणपणीच रोमला गेला, मधली काही वर्षं पॅरिसमध्ये कार्डिनल माझारँसाठी काम केलं, १६८० मध्ये रोममध्येच वारला. निसर्गदृश्य हीच त्याची खासियत, कार्राचींचा वारसा त्याने पुढे चालवला, एचिंग्जही (धातूच्या प्लेटवर आम्लाने कोरून छापलेली चित्रं) बरीच केली. त्याची ड्रॉइंग्ज कार्राचींच्या नावावर खपणं ही जुनीच कथा आहे, मोठमोठ्या संग्रहांमध्ये अशी अदलाबदल होऊन नंतर दुरुस्त झालीय. आमच्या पानावरचे गुच्छ, नदीकाठच्या आडव्या छोट्या रेघा, बसलेल्या माणसाच्या पाठीला दिलेली एकच जाड रेघ, हे सगळं त्याच्या नक्की मानलेल्या पानांवर सापडत गेलं.

एचिंग्जही तपासली. ड्रॉइंग एखाद्या छापाशी त्याच दिशेने जुळलं तर ते छापावरून उतरवलेलं असण्याची शंका घ्यावी लागते, उलट्या दिशेने जुळलं तर छापाची तयारी असू शकते, कारण प्लेटवरून कागदावर येताना चित्र आरशासारखं फिरतं. आमच्या रचनेशी जुळणारं मला काहीच सापडलं नाही.

इथे एक गोष्ट मला टोचत राहिली आणि ती मी रिपोर्टमध्येही लिहिली. ग्रिमाल्दी १६८० पर्यंत रोममध्ये होता, रेस्ता १६६१ पासून रोममध्ये. म्हणजे दोघं जवळजवळ वीस वर्षं एकाच शहरात. मग ग्रिमाल्दीचं ड्रॉइंग रेस्ताला आनिबालेचं कसं वाटेल? याचं उत्तर कागदोपत्री माझ्याकडे नाही. विकणाऱ्याने कार्राची म्हणून दिलं असेल, कार्राचींचं पान जास्त मोलाचं, आणि आल्बममध्ये त्या जागी आनिबाले हवा होता. हे शक्य आहे, पण ते शक्य आहे एवढंच. उलट बाजूने, ही ग्रिमाल्दीच्याही आधीच्या पिढीतल्या कोणाची गोष्ट असू शकते. म्हणून आम्ही बाहेरचं मत घ्यायचं ठरवलं.

दोन तज्ज्ञांना फोटो पाठवले. पहिल्यांना मेल गेला त्यात रेस्ताचा नंबर, वहीतली नोंद, सगळी कथा होती. त्यांचं उत्तर लांबलचक आणि सावध आलं: आनिबाले वाटत नाही, पण रेस्ताच्या नोंदीमुळे कार्राचींच्या अगदी जवळच्या वर्तुळात ठेवावं, ग्रिमाल्दीचाही विचार करावा. ते उत्तर वाचताना जाणवलं की नोंदीने त्यांचं मत आधीच एका बाजूला ओढलंय. म्हणून दुसऱ्यांना पाठवताना कोपरा झाकलेला फोटो, इन्फ्रारेड आणि मापं एवढंच दिलं, नाव काही नाही. त्यांचं उत्तर छोटं आलं, ग्रिमाल्दी, बहुधा रोममधल्या मधल्या वर्षांतला, आणि सोबत तुलनेसाठी पानांची यादी. त्यातली काही मी आधीच बाजूला काढून ठेवली होती.

निर्णय आणि निकाल

ट्रस्टींच्या बैठकीत तिसरा पर्याय मंजूर झाला, एकमताने नाही. नोंद अशी गेली: जोव्हान्नी फ्रांचेस्को ग्रिमाल्दी, याच्या नावावर लावलेलं. हा शेवटचा शब्दप्रयोग मुद्दाम, म्हणजे आमची बऱ्यापैकी खात्री आहे पण पूर्ण नाही. खाली आधीची नावं सालवार दिली, रेस्ता आनिबाले म्हणतो, कुटुंबाचं लेबल आनिबाले म्हणतं, मग आमचं मत आणि त्याची कारणं. शेवटचा अंक अपुरा आहे आणि विषय जुळतो म्हणून सात धरलाय, हेही स्पष्ट लिहिलं. हे वाक्य काढून टाकावं अशी सूचना आली होती, नोंद कमजोर दिसते म्हणून. मी अडून बसले. उद्या कोणाला तो अंक वेगळा वाटला आणि वहीतली दुसरी एखादी नोंद जास्त योग्य वाटली तर त्याला कळायला हवं की आम्ही कुठे पाऊल टाकलंय.

आकडा मूळचाच आहे का, नंतर कोणी किंमत वाढवायला लिहिला का, हेही बघितलं. पक्क्या मानलेल्या रेस्ता सोमर्स पानांवरचं अक्षर शेजारी ठेवलं. अक्षराची खालची गाठ, मधला टिंब, आकड्यांचा झुकाव, सगळं त्याच हाताचं दिसतं. शिवाय अंक माउंटच्या आधी कापला गेलाय, आणि माउंट अठराव्या शतकातला आहे. लबाडी करणारा स्वतःचा पुरावा अर्धा कापून ठेवत नाही.

देणगीदारांना सांगायला मी स्वतः गेले. ते बराच वेळ गप्प होते. आजोबांच्या लेबलचं काय करणार हा त्यांचा पहिला प्रश्न. लेबल फ्रेमवरून काढून वेगळ्या पाकिटात, त्याच नंबरखाली, ड्रॉइंगबरोबरच राहणार असं सांगितलं. मग ते म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्याकडून एक मोठं नाव घेतलंत, पण आजवर या चित्राला गोष्टच नव्हती, ती आता आहे." देणगी त्यांनी दिली. विम्यासाठीची किंमत अर्थातच खाली आली, ती किती ते इथे सांगायची गरज नाही. पोस्टरवर दुसरं चित्र गेलं. प्रदर्शनात मात्र हे पान लागलं, शेजारी इन्फ्रारेडचा मोठा प्रिंट, आणि लोक खडूतला तो हललेला बुंधा शोधत थांबत होते.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, दोन्ही तज्ज्ञांना आधी नाव न सांगता विचारणं. पहिलं मत आता नोंदीत आहे पण त्याला किती महत्त्व द्यायचं हे ठरवता येत नाही, कारण त्यातलं किती ड्रॉइंग बघून आलं आणि किती वही वाचून, ते वेगळं काढता येत नाही. आधी फक्त चित्र, लेखी मत हातात आल्यावर मग कथा, हा क्रम आता आमच्याकडे नियम झालाय.

दुसरी, देणगीदारांना पहिला फोन. आकडा दिसला त्याच दिवशी त्यांना रेस्ताचं नाव कळलं आणि त्यांच्या डोक्यात आनिबाले पक्का झाला. फोन वहीतली नोंद बघून आणि निदान इन्फ्रारेड करून झाल्यावर करायला हवा. एखाद्याला आनंदाची बातमी अर्धी देऊन नंतर परत घेणं हे त्या माणसाला त्रासाचं असतं, आणि मग सगळ्या बोलण्यात एक दबाव येतो.

तिसरी, माउंट. त्याच्याकडे आम्ही उशिरा वळलो. बॉर्डरच्या रेघांचा रंग, त्यांची संख्या, कोपऱ्यात रेघा कशा मिळतात यावरून अठराव्या शतकातल्या काही इंग्लिश संग्राहकांचे माउंट ओळखता येतात. चित्रकार जोनाथन रिचर्डसन थोरले (१६६७ ते १७४५) यांनी सोमर्सच्या विक्रीतली बरीच पानं घेतली होती, त्यांचा शिक्का लुख्तच्या सूचीत २१८४ ला आहे. आमच्या पानावर तो नाही, माउंटही त्यांच्या पद्धतीचा दिसत नाही. मग १७१७ नंतर हे कोणी घेतलं? ही कडी अजून रिकामी आहे आणि सुरुवातीलाच माउंटचे नीट फोटो काढून विचारणा केली असती तर प्रदर्शनाच्या आधी काहीतरी हाती लागलं असतं.

ड्रॉइंग न सोडवण्याचा निर्णय मात्र मी आजही तसाच घेईन. मागची बाजू आहे तिथेच आहे, आणि ओल न वापरता बघायची साधनं सुधारतायत.

सध्या काम चालू आहे ते शेजाऱ्यांचं. वहीत आमच्या क्रमांकाच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी आहेत, म्हणजे त्या खंडात या पानाच्या आजूबाजूला काय होतं ते कागदावर आहे. त्यातल्या एका क्रमांकाचं निसर्गदृश्य एका मोठ्या प्रिंट रूममध्ये (म्युझियममधला छापचित्रं आणि ड्रॉइंग्जचा विभाग) आहे, तेही आनिबालेच्या नावावर आलेलं आणि आता बोलोन्याचा अज्ञात चित्रकार म्हणून नोंदलेलं. त्यांच्याकडून इन्फ्रारेड फोटो मागवलाय. त्या पानावरही पाला त्याच वळशांचा निघाला तर दोन्ही नोंदी एकत्र बदलाव्या लागतील, आणि रेस्ताला एकाच विक्रेत्याकडून एकाच हाताची पानं आनिबाले म्हणून मिळाली होती का, हे पहिल्यांदाच तपासता येईल.